वडिलांच्या डबीतील सरकलेली नाणी

प्रश्न : माझे वडील बस कंडक्टर होते. तिकिटांच्या पैशांत एखादे विचित्र नाणे आले, की ते खिशातले तेवढेच पैसे हिशेबात भरायचे आणि ते नाणे घरी आणायचे. त्यांच्या पश्चात पत्र्याच्या डबीत अशी चौदा नाणी सापडली. बहुतेकांवरचे चित्र एका अंगाला सरकले आहे आणि उरलेला भाग कोरा आहे. एकावर मात्र चित्र फक्त एकाच बाजूने सरकले आहे, दुसऱ्या बाजूने ते बरोबर मधोमध आहे. आणखी एकाची कड कोणी चावा घ्यावा तशी तुटलेली आहे. हौस वाटली म्हणून मी स्वतः एक अर्धे कोरे नाणे ऑनलाइन विकत घेतले. भाऊ म्हणतो, अशा नाण्यांना मोठी रक्कम मिळते, सगळी पॉलिश करून विकून टाकू. मला विकण्याची घाई नाही, उलट हाच संग्रह वाढवावा असे वाटते. पण आपल्याकडे नेमके काय आहे आणि पुढे काय घ्यावे, हे समजत नाही.

उत्तर : सर्वप्रथम पॉलिशची बाटली बंद करून ठेवावी, ही विनंती. विक्री करायची की नाही, हा प्रश्न महिन्याभराने, वर्षाने, केव्हाही सोडवता येईल. पण एकदा घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुन्हा कोणालाही आणता येत नाही. सदोष नाण्यांच्या बाबतीत हे नुकसान दुप्पट असते, कारण नाणे खरे की बनावट हे ठरवण्याचा सगळ्यात चांगला पुरावा त्याच्या कोऱ्या भागावर असतो, आणि पॉलिश नेमका तोच पुसून टाकते.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात, त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, धुतल्या जातात आणि दुसऱ्या एका यंत्रातून फिरवून त्यांची कड किंचित उचलून घेतली जाते. अशी तयार चकती प्रेसमध्ये येते. तिथे एक डाय, म्हणजे नाण्याचे चित्र उलटे कोरलेला पोलादी ठोकळा, स्थिर असते, समोरची डाय तिच्यावर आदळते, आणि चकतीभोवती पोलादाचे एक घट्ट कडे असते, ज्याला कॉलर म्हणतात. डाय आदळली की धातू बाहेर पसरू पाहतो. कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणे गोल राहते, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला दाते असतील तर ते नाण्याच्या कडेवर उमटतात. आधुनिक प्रेस मिनिटाला ७०० हून अधिक नाणी पाडते. या वेगात एखादी चकती कॉलरमध्ये नीट बसण्याऐवजी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली आणि तेवढ्यात डाय आदळली, तर डायखाली आलेल्या भागावरच चित्र उमटते आणि बाहेर राहिलेला भाग चंद्रकोरीसारखा कोरा राहतो. ऑफ-सेंटर नाणे ते हेच. आपल्या चौदाही नाण्यांची वर्गवारी या एका घटनेवरून करता येते, कारण चकती कॉलरच्या बाहेर होती, एवढ्या एकाच कारणाचे अनेक परिणाम नाण्यावर एकाच वेळी दिसले पाहिजेत. त्यांतला एखादा दिसला आणि बाकीचे दिसले नाहीत, तर नाणे वेगळ्या जातीचे आहे किंवा खोटे आहे.

पहिला परिणाम असा, की दोन्ही डाय चकतीच्या त्याच भागावर आदळलेल्या असल्यामुळे कोरा भाग दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून असतो. नाण्याच्या चित्राकडे न पाहता कोरी चंद्रकोर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावी. दोन्ही बोटांना सपाट धातू लागला पाहिजे. हे आपल्या एकतर्फी सरकलेल्या नाण्यावर होणार नाही. त्या नाण्याची चकती कॉलरमध्ये व्यवस्थित बसलेली होती, फक्त एक डाय प्रेसमध्ये तिरपी किंवा बाजूला बसवली गेली होती. त्याचा व्यास नेहमीइतकाच भरेल आणि कडेवरचे दातेही सगळीकडे सारखे असतील. याला संग्राहक मिसअलाइन्ड डाय म्हणतात. ही चूक ऑफ-सेंटरइतकी महत्त्वाची मानली जात नाही, कारण डाय चुकीची बसली की ती दुरुस्त होईपर्यंत शेकडो नाणी तशीच पडत राहतात, तर ऑफ-सेंटर नाणे प्रत्येक वेळी एका चकतीच्या एका अपघातातून जन्मते.

दुसरा परिणाम आकाराचा. कॉलरचा आधार नसल्यामुळे ठशाखालचा धातू मोकळा बाहेर पसरतो. म्हणून खरे ऑफ-सेंटर नाणे मोजले तर एका दिशेने नेहमीपेक्षा रुंद, काहीसे लंबगोल निघते. ठसा उमटलेल्या बाजूच्या कडेवर दाते नसतात. आणि कडेजवळची अक्षरे बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखी, पायाशी फाकलेली दिसतात. पुष्कळदा नाणे बशीसारखे थोडे वाकलेलेही असते. मी संग्रहाला सुरुवात केली तेव्हा असेच एक वाकलेले नाणे दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून ‘सरळ’ केले होते, आणि नाणे सरळ झाले याचा मला आनंदही झाला होता. पुढे एका जाणकाराने ते हातात घेतले, भिंगाखाली धरले आणि काहीही न बोलता परत दिले. तो वाकच त्या अपघाताचा भाग होता, हे मला नंतर उमगले. आपल्या डबीत असे वाकलेले नाणे असेल तर त्याला हात लावू नये.

तिसरा परिणाम वजनाचा, आणि बनावट नाणी पकडण्यात याचा उपयोग सगळ्यांत जास्त होतो. ऑफ-सेंटर नाण्यातून धातू कुठेही कमी झालेला नसतो, तो फक्त इकडचा तिकडे सरकलेला असतो. म्हणजे अमेरिकेचे ५ सेंटचे नाणे ५ ग्रॅमचे असते, तर त्यावरचा ठसा निम्मा सरकला तरी वजन ५ ग्रॅमच्या आसपासच भरले पाहिजे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो. तुलना मात्र त्याच मूल्याच्या आणि त्याच धातूच्या सामान्य नाण्याशी करावी, कारण टांकसाळी अधूनमधून धातू बदलतात. अमेरिकेच्या १ सेंटच्या नाण्याचे वजन १९८२ साली ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आले आणि त्या एकाच वर्षात दोन्ही वजनांची नाणी निघाली. हे माहीत नसलेला माणूस अस्सल नाणे खोटे ठरवून मोकळा होतो.

आपण ऑनलाइन घेतलेल्या नाण्याविषयी मला शंका आहे, आणि ती स्पष्ट सांगतो. पत्रासोबतच्या छायाचित्रात त्याचा अर्धा भाग कोरा दिसतो, पण कडेवरचे दाते सबंध परिघावर, कोऱ्या अर्ध्या भागाभोवतीसुद्धा, एकसारखे आहेत. दाते कॉलर उमटवते. म्हणजे हे नाणे कॉलरमध्ये पूर्ण बसलेले असतानाच पाडले गेले. मग अर्धे चित्र गेले कुठे? बहुधा ते नंतर कानशीने घासून काढले आहे. खात्रीसाठी दोन गोष्टी कराव्यात. काट्यावर ठेवून पाहावे. वजन लक्षात येण्याइतके कमी भरले तर शंका उरत नाही. मग दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली कोरा भाग तिरप्या उजेडात पाहावा. टांकसाळीच्या कोऱ्या चकतीवर चकत्या एकमेकींवर आपटल्याच्या बारीक, सर्व दिशांना गेलेल्या खुणा असतात आणि टोकाला यंत्राने उचललेली मूळ कडही टिकून असते. घासलेल्या नाण्यावर रेघा एका दिशेने, समांतर जातात आणि उचललेली कड नाहीशी झालेली असते. नियमाला अपवाद एकच लक्षात ठेवावा. काही नाणी एकदा कॉलरमध्ये नीट पाडली जातात, बाहेर फेकली जाताना अडकतात आणि दुसऱ्यांदा अर्धवट डायखाली येतात. अशा नाण्यावर दाते असतात आणि सरकलेला ठसाही असतो, पण त्याचा उरलेला भाग कोरा नसतो. तिथे पहिल्या ठशाचे चित्र दिसते.

चावा घेतल्यासारखे नाणे वेगळ्या टप्प्यावर बिघडलेले आहे. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि नवी चकती अर्धगोल खाच घेऊनच जन्मते. तिचे वजन कमी भरणे हे इथे योग्यच आहे. खऱ्या खाचेची खूण तिच्या अगदी समोरच्या कडेवर शोधावी : कड उचलणाऱ्या यंत्रात खाचेच्या जागी दाब मिळत नाही, त्यामुळे बरोबर विरुद्ध बाजूची कडही पुसट, दबलेली राहते. याला ब्लेक्स्ली परिणाम म्हणतात. ती पुसट कड दिसत नसेल आणि खाचेजवळची अक्षरे सुरीने कापावीत तशी तुटलेली असतील, तर ती खाच टांकसाळीनंतर कोणाच्या तरी कात्रीने पडलेली समजावी.

एवढे झाल्यावर डबीत जी खरी ऑफ-सेंटर नाणी उरतील, त्यांची नोंद करताना दोन गोष्टी लिहितात : ठसा किती टक्के सरकला आणि कोणत्या दिशेला. कोऱ्या चंद्रकोरीची सर्वांत जास्त रुंदी मोजून तिला सामान्य नाण्याच्या व्यासाने भागले, की साधारण टक्केवारी मिळते. २४ मिलिमीटर व्यासाच्या नाण्यावर ६ मिलिमीटरची चंद्रकोर असेल तर ते २५ टक्के ऑफ-सेंटर झाले. धातू पसरल्यामुळे हा आकडा काटेकोर नसतो, आणि विक्रेते तो सढळ हाताने वाढवतात, म्हणून स्वतः मोजलेलाच आकडा लिहावा. दिशा घड्याळाच्या तासांनी सांगतात : छाप्याची बाजू वर, चित्र सरळ धरून, चंद्रकोर तीनच्या जागी आहे की सातच्या, असे. काही संग्राहक कोऱ्या भागाची दिशा लिहितात, काही चित्र ज्या बाजूला सरकले ती लिहितात. आपण जी पद्धत घ्याल ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

दिशेला एवढे महत्त्व का, याचे कारण नाण्यावरील वर्ष. सरकलेल्या नाण्यावर वर्ष पूर्ण दिसते की नाही, यावर त्याची मागणी फार मोठ्या प्रमाणात ठरते, कारण वर्षाविना नाणे फक्त ‘अमुक प्रकारचे’ एवढेच सांगता येते. ते दहा वर्षांत कधीही पडलेले असू शकते. इथे नवशिक्याची हमखास गफलत होते. वर्षाच्या शेजारी कोरी जागा दिसली, की त्याला वाटते वर्ष थोडक्यात वाचले, आणि चंद्रकोर लांब, पलीकडे असली की वर्ष सुरक्षित राहिले असेल. प्रत्यक्षात उलट घडते. समजा, वर्ष चित्राच्या उजव्या कडेला आहे. डाय चकतीच्या डावीकडे सरकली, तर तिचा उजवा भाग, म्हणजे वर्षाचा भाग, चकतीवर पडतो आणि त्याच्या उजवीकडे कोरी जागा राहते. डाय उजवीकडे सरकली, तर वर्ष चकतीच्या बाहेर, हवेत जाते आणि कोरी जागा डावीकडे राहते. म्हणजे कोरी चंद्रकोर वर्षाच्या बाजूला असलेलीच नाणी शोधायची. एक साधे नाणे आणि त्याच आकाराची कागदी चकती टेबलावर एकमेकांवर सरकवून पाहावी. दोन मिनिटांत हे डोळ्यांना पटते. वर्ष नसले तरी चालणारी नाणीही आहेत. अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात निघालेल्या राज्यमालिकेच्या २५ सेंटच्या नाण्यांमध्ये प्रत्येक राज्याचे चित्र एकाच वर्षी काढले गेले, त्यामुळे राज्याचे चित्र ओळखू आले की वर्ष कळतेच. एकाच वर्षी निघालेल्या स्मारक नाण्यांनाही हाच न्याय लागू पडतो.

टक्केवारीबद्दल माझे मत असे : ५ ते १० टक्के सरकलेली नाणी पुष्कळ सापडतात आणि त्यांत रमण्यासारखे थोडेच असते. ९० टक्क्यांच्या पुढची नाणी पाहणाऱ्याला थक्क करतात, पण त्यांच्यावर नखाएवढा ठसा असतो आणि कधी कधी देशही ओळखू येत नाही. ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान, वर्ष आणि टांकसाळीची खूण दोन्ही शाबूत असलेले नाणे सगळ्यांना हवे असते आणि तसे ते असायलाही हवे, कारण त्यावर चूकही पूर्ण दिसते आणि ओळखही पूर्ण राहते. ठसा सरकलेला नसून सबंध चित्र मधोमध उमटले आहे, पण नाणे पसरट आणि बिनदात्यांचे आहे, असे एखादे हाती लागले तर ते ब्रॉडस्ट्राइक असते. चकती कॉलरशिवाय पण बरोबर मध्यावर सापडली, एवढाच फरक. शेजारी ठेवण्यासाठी असे एक नाणे जरूर घ्यावे.

संग्रह वाढवताना हातोड्याने पाडलेली जुनी नाणी ऑफ-सेंटर म्हणून कोणी गळ्यात मारू पाहिली तर घेऊ नयेत. अथेन्सची घुबडाची नाणी असोत, रोमन नाणी असोत की शिवराई, हाताने ठोकलेल्या नाण्यांवरचा ठसा सरकलेला असणे हे रोजचेच होते. तिथे मधोमध पडलेला ठसा दुर्मीळ आणि सरकलेला ठसा उणेपणा मानला जातो. ठसा मध्यावर असलाच पाहिजे अशी अपेक्षा यंत्र आणि कॉलर आल्यानंतरची आहे. १७९७ साली मॅथ्यू बोल्टन याने आपल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या प्रेसवर कॉलरमध्ये पाडलेली ब्रिटिश पेनी पाहिली, की ही शिस्त किती नवी होती ते कळते. शिस्त असेल तरच ती मोडण्याला किंमत येते.

पुढे काय जमवावे, याच्या रूढ तऱ्हा दोन-तीन आहेत. कोणी प्रत्येक मूल्याचे एकेक ऑफ-सेंटर नाणे घेतात. कोणी एकाच प्रकारच्या नाण्याची १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतची चढती रांग लावतात. कोणी घड्याळाच्या बाराही दिशांचा संच करण्याच्या मागे लागतात, जो पुरा करायला धीर लागतो. आपल्यासाठी मला पहिली तऱ्हा बरी वाटते, कारण वडिलांनी बसमध्ये हाती आलेलीच नाणी जमवली असल्याने डबीत निरनिराळ्या मूल्यांची सरमिसळ असणार, आणि कोणती रिकामी जागा भरायची हे आपोआप ठरेल.

भावाच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण विक्रीच्या जाहिरातीत मागितलेली रक्कम आणि लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांत मोठे अंतर असते. पाहायचीच असेल तर फक्त दुसरी पाहावी. ‘तुमचे नाणे आम्ही घेतो, आधी नोंदणीशुल्क पाठवा’ असे कोणी म्हटले तर बोलणे तिथेच थांबवावे, कारण खरा ग्राहक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणे तपासून, चुकीचा प्रकार आणि टक्केवारी लिहून, सीलबंद प्लॅस्टिकमध्ये परत देतात. चांगल्या नाण्याला त्याचा उपयोग होतो, पण शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च सामान्य नाण्याच्या किमतीहून सहज जास्त होतो. चौदाच्या चौदा पाठवण्यात अर्थ नाही. पूर्ण वर्ष असलेले आणि निम्म्याच्या आसपास सरकलेले एखादे निघाले, तर तेवढेच पाठवण्याचा विचार करावा.

ठेवण्याविषयी थोडेसे. पत्र्याच्या डबीत नाणी एकमेकांवर घासतात, म्हणून आता ती वेगवेगळी करावीत. मऊ, तीव्र वासाची पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. त्यांतून सुटणारे द्रव्य नाण्यावर हिरवट, चिकट थर चढवते. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा पुठ्ठ्याचे होल्डर घ्यावेत, आणि ते नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे असावेत, कारण ही नाणी पसरलेली असतात आणि ठरावीक कॅप्सूलमध्ये जबरीने बसवली तर त्यांची पातळ कड दुमडते. हातात घेताना कडेनेच धरावीत. हिरवा थर आधीच चढला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढावे, अजिबात चोळू नये, आणि हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

प्रत्येक नाण्यासाठी एक कार्ड करावे आणि त्यावर देश, मूल्य, वर्ष, वजन, सर्वांत मोठा व सर्वांत लहान व्यास, टक्केवारी आणि दिशा लिहावी. ऑनलाइन घेतलेले नाणे, ते घासलेले ठरले तरी, टाकून देऊ नये. ‘बनावट, दाते पूर्ण’ अशी चिठ्ठी लावून खऱ्या नाण्याच्या शेजारी ठेवावे, पुढची खरेदी करताना त्याच्याशी पडताळून पाहता येईल. आणि वडिलांच्या चौदा नाण्यांच्या कार्डांवर ‘कोठून मिळाले’ या रकान्यात त्यांचे नाव, ते ज्या वर्षांत कामावर होते ती वर्षे, आणि आठवत असेल तर त्यांच्या बसचा मार्ग लिहावा.